‘अब्यूज’ म्हणजे नेमकं काय? (गीता, अध्याय १७, श्लोक १५)



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक घेतला आहे. वाणीच्या तपाचा श्लोक. तुमच्यापैकी अनेकांना तो पाठ असेल. बोलणं कसं असावं, याच्या चार खुणा भगवंत सांगतात: ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. शिवाय स्वाध्यायाचा अभ्यास. हे सगळं मिळून वाणीचं तप होतं.

पण श्लोकाकडे जाण्याआधी आज एका इंग्रजी शब्दाकडे बघायचंय. शब्द आहे ‘अब्यूज’. आपण रोज वापरतो. मीही वापरायचो, आणि तो मला कळतो असं समजायचो. कळत नव्हता. त्यामुळे हाच श्लोक मी एकदा चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला पाठवला. माझ्या चुलतबहिणीला. पुढचं सगळं तिला विचारून, तिला वाचून दाखवून लिहितोय. तिचं नाव आणि सासरचं गाव लिहिणार नाही.

एक मेसेज

माझं गाव तेरखेडा. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे हायवेवर. फटाक्यांमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. आमच्याकडे फटाके बनवणारे कारखाने आहेत. दिवाळीच्या आधी हायवेवरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. मी आणि माझी ही बहीण एकाच घरात वाढलो. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो, तिचं लग्न झालं.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एका रात्री तिचा मेसेज आला. आमच्यात नेहमी मराठीच, पण हा मेसेज इंग्रजीत होता. दोनच वाक्यं. पहिलं, ‘दादा, ही अब्यूजेस मी.’ दुसरं, काय करावं ते सुचत नाही.

आमचं रिलीज चालू होतं. मी एका हाताने लॅपटॉपवर, एका हाताने फोनवर. ‘अब्यूज’ वाचलं आणि डोक्यात लगेच अर्थ आला: शिव्या देतो. कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही हा शब्द त्याच अर्थाने वापरायचो. ‘त्याने मला अब्यूज केलं’ म्हणजे शिवी दिली. मग मी तिला लिहिलं, ‘पाहुणे जरा तापट आहेत गं, आपल्याला माहितीय. तू उलट बोलू नको. गोड बोल, शांत राहा, होईल सगळं नीट.’ आणि खाली हा श्लोक पाठवला. सुंदर चित्र होतं, मागे कुरुक्षेत्र, पुढे रथ.

तिने नमस्काराचे हात पाठवले. मला वाटलं, पोचलं.

दिवाळीला ती गावी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं. आवाज झाला आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. खाली वाकली. आमच्या गावात आवाजाला कुणी घाबरत नाही हो. ही पोरगी लहानपणी लड पेटवून सगळ्यात शेवटी मागे सरायची. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. त्या रात्री तिने सगळं सांगितलं. मला नाही, आईला. मला फक्त सकाळी एवढंच म्हणाली, ‘दादा, मी तुला सांगितलं होतं ना. तू श्लोक पाठवलास.’

मी फोन काढून तो मेसेज परत वाचला. आठ महिने झाले होते.

एका शब्दाचे तीन अर्थ

तेव्हापासून मी या शब्दाचा पिच्छा पुरवला. जे हाती लागलं ते सांगतो.

‘अब्यूज’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यात ‘यूज’, म्हणजे वापर, सरळ दिसतो. आधीचा ‘अब’ म्हणजे दूर, भलतीकडे. म्हणजे मूळ अर्थ साधा आहे: एखादी गोष्ट जशी वापरायची तशी न वापरता भलतीकडे नेणं. गैरवापर. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा शब्द असाच वापरतो. कुणी आमच्या सर्व्हरवर मिनिटाला हजारो खोट्या रिक्वेस्ट टाकल्या की आम्ही म्हणतो, सर्व्हिसचा अब्यूज झाला. सत्तेचा अब्यूज, पदाचा अब्यूज, औषधांचा अब्यूज, सगळीकडे हाच अर्थ.

दुसरा अर्थ शिवीगाळ. इंग्रजीत हाही जुना अर्थ आहे. भारतात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत तर तोच पुढे असतो.

तिसरा अर्थ म्हणजे माणसाला वाईट वागवणं, छळ करणं. मारहाण, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, सततचा अपमान, पैसे अडवून ठेवणं, कुणाशी बोलू न देणं, हे सगळं त्यात येतं. इंग्लंड-अमेरिकेत एखादी बाई ‘ही अब्यूजेस मी’ म्हणाली तर ऐकणारा आधी हाच अर्थ घेतो, आणि हातातलं काम बाजूला ठेवतो.

आणखी एक बारीक गोष्ट. इंग्रजीत हा शब्द नाम म्हणून येतो तेव्हा शेवटी ‘स’ ऐकू येतो, ‘अब्यूस’. क्रियापद म्हणून येतो तेव्हा ‘झ’च्या जवळचा आवाज, ‘अब्यूझ’. आपण दोन्हीकडे ‘अब्यूज’ म्हणतो. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते अर्थात.

मग मराठीत काय म्हणायचं? एकच शब्द पुरत नाही. संदर्भ बघून निवडावा लागतो:

– अधिकाराचा किंवा वस्तूचा अब्यूज: गैरवापर, दुरुपयोग.
– व्हर्बल अब्यूज: शिवीगाळ, अपमान, टाकून बोलणं.
– घरातला, नात्यातला अब्यूज: छळ, जाच.
– हॅरॅसमेंट: सतावणं, छळ. कामाच्या ठिकाणच्या २०१३च्या कायद्याला आपण मराठीत लैंगिक छळाचाच कायदा म्हणतो.
– मिसट्रीट: वाईट वागवणं. हा त्यातला सौम्य शब्द.
– टॉर्चर: यातना देणं. हा मात्र आपण फार स्वस्त केलाय. ‘बॉस टॉर्चर करतोय’ म्हणजे बॉसने शनिवारी मीटिंग ठेवलीय!

आता आपल्या भाषेतला एक शब्द बघा: सासुरवास. अक्षरशः अर्थ, सासरी राहणं. पण ‘तिला सासुरवास आहे’ म्हटलं की आपण काय समजतो? तिला छळतात. सासरी राहणं आणि छळ सोसणं यांसाठी भाषेत एकच शब्द झाला. इतकं ते नेहमीचं होतं. माझ्या बहिणीने मराठीत सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? ‘मला त्रास आहे.’ आमच्या घरात ‘त्रास’ म्हणजे ॲसिडिटीही आणि हेही. ‘तो मारतो’ हे दोन शब्द तिला टाइप करवले नाहीत. म्हणून तिने परका शब्द उचलला, कारण परक्या भाषेत लाज थोडी कमी वाटते. आणि नेमका त्याच शब्दात मी हलका अर्थ भरला.

छल आणि छळ

इथे आपल्या शास्त्रातली एक गोष्ट सांगतो. मला ती वाचून धक्काच बसला होता.

मराठी ‘छळ’ हा संस्कृत ‘छल’ पासून आला. संस्कृतात छल म्हणजे फसवणूक, कपट. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना छत्तिसाव्या श्लोकात, छल करणाऱ्यांमधलं द्यूत मी, असं म्हणतात. तिथे अर्थ कपटाचा आहे. मराठीत येता येता कपटाचा छल पीडेचा छळ झाला.

न्यायदर्शनात मात्र ‘छल’ हा पारिभाषिक शब्द आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत वादाचे जे दोष सांगितलेत त्यात छल येतो. त्याचे तीन प्रकार आहेत आणि पहिला आहे वाक्छल. म्हणजे बोलणाऱ्याने शब्द एका अर्थाने वापरला असताना ऐकणाऱ्याने तो दुसऱ्याच अर्थाने घेणं आणि त्यावर उत्तर देणं. उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी म्हणालं, हा मुलगा ‘नवकम्बल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ कांबळी? एकच तर दिसतंय! ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊ, त्याचा फायदा घेतला.

वाक्छल करणारा मुद्दाम करतो. मी मुद्दाम केलं नाही. पण खरं सांगू? शंका आली असती तर मी विचारलं असतं, ‘अब्यूज म्हणजे काय करतात गं?’ पाच शब्द लागले असते. मी विचारलं नाही, कारण हलका अर्थ मला सोयीचा होता. जड अर्थ घेतला असता तर मला उठावं लागलं असतं, गाडी काढावी लागली असती, काकांशी बोलावं लागलं असतं. शब्दाचा सोयीचा अर्थ घेणं, हा छल. आणि तिच्या वाट्याला त्यामुळे आणखी आठ महिने जे आलं, तो छळ.

श्लोक कुणासाठी आहे?

आता सतराव्या अध्यायाकडे परत येऊ. मी पंधरावा श्लोक पाठवला होता. त्याच्या मागचे-पुढचे वाचले असते तर पाठवला नसता.

चौदा, पंधरा, सोळा या तीन श्लोकांत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप सांगितलंय. तप म्हणजे काय? आपण आपल्यावर घेतलेली शिस्त. तप दुसऱ्यावर लादता येत नाही. ‘उद्वेग न देणारं बोल’ ही सूचना मी स्वतःला द्यायची. ज्याच्या हातात ताकद आहे, आवाज आहे, त्याने स्वतःला द्यायची. मी ती मार खाणारीला दिली.

त्याआधी पाचवा-सहावा श्लोक आहे. दंभ आणि अहंकाराने जे शरीराला कृश करतात, आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही कष्ट देतात, ते आसुरी निश्चयाचे, असं भगवंत म्हणतात. हे स्वतःच्या शरीराबद्दल आहे. पण विचार करा, स्वतःच्या देहाला पिडणं आसुरी, तर दुसऱ्याच्या देहाला पिडणं काय असेल? त्या देहातही तोच राहतो.

आणि एकोणिसावा श्लोक. तो मी याआधी दहा वेळा वाचला असेन, थांबलो कधीच नव्हतो. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेलं तप हे तामस तप आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे आपण जिचं कौतुक करतो, ‘किती सोसलं हो बाईने, तोंडातून शब्द नाही काढला’, ते सोसणं भगवंतांच्या हिशेबात आपोआप पुण्य ठरत नाही. पंधराव्या श्लोकात बोलणं प्रिय असावं म्हटलंय, तसंच ते सत्य असावं आणि हिताचं असावं असंही म्हटलंय. ती मला सत्य सांगत होती. तिच्यासाठी हिताचं तेच होतं. श्लोक पाळला होता तिने. मोडला मी.

माउलींनी तेराव्या अध्यायात ‘अहिंसा’ या एका शब्दावर किती ओव्या खर्च केल्यात, ते एकदा निवांत बघा. तिथे चालणं, हात, नजर, बोलणं सगळं येतं. पायाखाली जीव दुखावेल म्हणून पाऊल हळू टाकणाऱ्या माणसाचं चित्र आहे. बोलण्याबद्दलचा त्यांचा भाव असा की शब्द नंतर पोचावा, माया आधी पोचावी. मी काय पोचवलं? आधी श्लोक. माया राहूनच गेली.

संत बहिणाबाईंनी काय लिहून ठेवलं

इथे कुणीतरी म्हणेल, ‘पण आपल्या संतांनी तर सोसलंच ना? त्यांचाच आदर्श घ्यायचा ना?’ मीही असंच म्हणायचो. म्हणून संत बहिणाबाईंचं उदाहरण घेऊ. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. जन्म १६२८, वेरूळजवळच्या देवगावचा. समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला, १७०० साली. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच.

त्यांनी आपलं आयुष्य स्वतः अभंगांत सांगितलंय. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत ते धरलं जातं. जस्टिन ॲबट यांनी १९२९ साली त्याचं इंग्रजी भाषांतरही छापलं. अगदी लहानपणी वयाने खूप मोठ्या, बिजवर माणसाशी लग्न झालं. घर सोडून सगळे फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायला लागल्या. बरोबर एक लाडकं वासरू असायचं, ते कीर्तनालाही यायचं. लोकांत बोलणं झालं. स्वामींनी या पोरीचं कौतुक केल्याचं नवऱ्याच्या कानावर गेलं. आणि नवऱ्याने मारलं. वेणी धरून मारलं. तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी तुकोबांना मनाने गुरू केलं, तेही नवऱ्याला सोसेना. आपण वेदपाठी ब्राह्मण आणि हिचा गुरू शूद्र, हा त्याचा राग. त्या गरोदर असताना त्यांना टाकून निघून जायचं त्याने ठरवलं. मग तो स्वतः आजारी पडला, पश्चात्ताप झाला, आणि सगळं कुटुंब देहूला आलं.

हे आपल्याला कसं कळलं? त्यांनी सांगितलं म्हणून. हा मुद्दा मी लक्षात घेतलाच नव्हता. संत होत्या, पतिव्रता होत्या, नवऱ्याबद्दल आदरही लिहिला. पण मार झाकला नाही. कुणी मारलं, कसं मारलं, का मारलं, सगळं अभंगात आहे. ‘घरातली गोष्ट बाहेर कशाला’ असं त्यांनी म्हटलं नाही. बहिणाबाईंचं नाव घेऊन ‘सोस’ म्हणणाऱ्याने त्यांचे अभंग वाचलेले नसतात.

त्यांनी पतीच्या सेवेला देव मानलं, हेही खरं, ते लपवायला नको. त्यांना त्या काळात दुसरं दार नव्हतं. माहेरचेही बरोबरच राहत होते, पण आवरू शकत नव्हते. दार नसताना एका बाईने भक्तीतून वाट काढली, म्हणून तिला नमस्कार. पण आज दार असताना आपण ते बंद करून ‘बघ, बहिणाबाई कशा राहिल्या’ म्हणायचं, हा संतांचा अब्यूज आहे. मूळ अर्थाने, गैरवापर.

आज दार आहे

हे दार कुठे आहे ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून थोडक्यात लिहितो. तुम्हाला नाही तर तुमच्या ओळखीत कुणालातरी लागेल.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं तिसरं कलम वाचा. घरातल्या अब्यूजचे चार प्रकार तिथे मांडलेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. अपमान, टोमणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बोलणं, तिच्या माणसांना इजा करू अशा वारंवार धमक्या, हे सगळं शाब्दिक-भावनिकमध्ये येतं. खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकून टाकणं हे आर्थिकमध्ये. म्हणजे हात उचलला तरच छळ, असं कायदा म्हणत नाही. या कायद्यात संरक्षण अधिकारी असतात. कोर्ट संरक्षणाचा, घरात राहण्याचा, खर्चाचा आदेश देऊ शकतं. राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे.

चौथं कलम मात्र माझ्यासारख्यांसाठी आहे. असा छळ होतोय असं वाटण्यासारखं कारण असलेला कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे भावाला, मैत्रिणीला, शेजाऱ्याला कळवता येतं.

फौजदारी बाजूला पूर्वीचं ४९८-अ कलम होतं, १९८३ साली आलेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच ८५ आणि ८६ कलमांत आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. हो, ज्येष्ठांसाठीही. छळ फक्त सुनेचाच होतो असं नाही. म्हाताऱ्या सासूचा होतो, लहान मुलाचा होतो, पुरुषाचाही होतो, आणि तो तर सांगतच नाही.

दुसऱ्या बाजूनेही सांभाळायला हवं. प्रत्येक भांडण म्हणजे अब्यूज नाही. नवरा-बायकोत वाद होतात, आई रागावते, मॅनेजर चूक दाखवतो. मग ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न विचारतो. हे एकदा झालं की पुन्हा पुन्हा होतंय? दोघांची ताकद सारखी आहे की एकाच्या हातात सगळं आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा माणूस घाबरून जगतोय का? पण एक लक्षात ठेवा. एकदाच झालेली मारहाणही मारहाणच असते, तिथे ‘पुन्हा होऊ दे मग बघू’ म्हणायचं नाही.

आमच्या गावात लहानपणापासून एक गोष्ट शिकवली जाते. शोभेची दारू स्वतः वाईट नसते. तीच वर जाऊन आभाळात फूल होते, तीच हातात फुटली तर हात नेते. म्हणून काम करणाऱ्याने आपल्या हातात काय आहे, हे विसरायचं नाही. नात्यात आपल्या हातात असंच काहीतरी असतं. कुणाच्या हातात पगार, कुणाच्या हातात आवाज, कुणाच्या हातात अबोला. माझ्या हातात श्लोक होते. घरात ‘याला गीता कळते’ असा मान होता, त्याचा वापर मी एका मुलीला गप्प करायला केला.

ऑफिसातही बघायला लागलोय. कोड रिव्ह्यूमध्ये ज्युनिअरला मी जे लिहायचो ते खरं असायचं, पण दहा जणांसमोर, टोचून. सत्य होतं, हित थोडंफार असेल, उद्वेग मात्र शंभर टक्के. आता वैयक्तिक मेसेज करतो. रोज जमतं असं नाही.

आता

बहीण गावातच आहे. दिवाळीनंतर परत गेली नाही. आई तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेली, मी सुट्टी टाकून वकिलांकडे. काका पहिले दोन महिने कुणाशी बोलत नव्हते, ‘लोक काय म्हणतील’ एवढंच. आता तारखेला तेच तिला गाडीवर नेतात. केस चालू आहे. वेळ लागतोय.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘ते राहू दे. पुढच्या वेळेला कुणी सांगितलं तर आधी फोन कर.’ तोच मी माझा नियम केलाय.

आजचा संकल्प

१. कुणी आपलं दुःख सांगितलं तर त्याचा सोयीचा अर्थ घ्यायचा नाही. ‘म्हणजे नेमकं काय होतंय?’ हे विचारायचं. आणि विचारून झालं की गप्प बसून ऐकायचं.

२. सहन करण्याचा उपदेश देणारा श्लोक किंवा अभंग दुसऱ्याला पाठवण्याआधी बघायचं, हे तप मी माझ्यासाठी घेतोय की दुसऱ्यावर टाकतोय?

३. आज झोपण्याआधी आठवायचं, आज माझ्या बोलण्याने कुणी घाबरलं का? आठवलं तर उद्या सकाळी पहिलं काम ते.

सतरावा अध्याय आज पूर्ण वाचा. अठ्ठावीसच श्लोक आहेत, अर्थासकट वीस मिनिटं लागतील. पंधराव्यावर थांबू नका, एकोणिसाव्यापर्यंत जा.

पांडुरंगा, आमच्या तोंडी तुझं नाव आहे, त्या तोंडाने कुणाला गप्प बसवलं जाऊ नये, एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.